स्वातीचं गाव कोणतं?

प्रश्न असा आला आहे: "आपला सूर्य आज आहे तिथे जन्मलाच नाही, आकाशगंगेच्या आतल्या भागातून तो सरकत इथवर आला, असं वाचलं. साडेचार अब्ज वर्षांपूर्वीची गोष्ट आज कशावरून कळते? ताऱ्याची गती मोजून उलटं मागे जातात, की त्याच्या रसायनावरून ठरवतात? आणि 'पातळ तबकडीचा तारा', 'जाड तबकडीचा तारा' ही काय भानगड आहे?"

आधी सरळ उत्तर. गती मोजून मागे जाता येतं, पण फार नाही. केंद्राभोवतीच्या एखाद्या फेरीपलीकडे त्या हिशेबावर मी पैज लावणार नाही. रसायन खूप मागचं सांगतं, पण तेही थोडं मोघम. म्हणून आम्ही दोन्ही मोजतो, आणि खरी मजा दोघांच्या साक्षी जुळत नाहीत तिथे सुरू होते.

गेली वीसेक वर्षं मी ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे रंगांत फोडलेला त्यांचा प्रकाश आणि त्यातल्या मूलद्रव्यांच्या काळ्या रेषा, मोजते आहे. समजावून सांगायला मला सगळ्यात सोयीचा वाटतो तो स्वातीचा तारा, कारण तो कुणालाही दाखवता येतो. मे अखेरीस रात्री दहा-साडेदहाला सप्तर्षीच्या शेपटीची कमान तशीच पुढे ओढत न्या, नारिंगी झाक असलेला ठळक तारा लागतो, ती स्वाती. मुंबईकरांनी तर नुसती मान वर करावी, ती तिथे अगदी डोक्यावरून जाते. अंतर जेमतेम ३७ प्रकाशवर्षं, म्हणजे शेजारीणच. पण ही शेजारीण मूळची आपल्या आळीतली नाही.

तिची चाल आधी बघू. तारे स्थिर नसतात हे ज्या ताऱ्यांमुळे कळलं त्यांत स्वाती होती. १७१८ साली एडमंड हॅलीने जुन्या ग्रीक नोंदींशी तुलना करून स्वाती, व्याध आणि रोहिणी आपापल्या जागेवरून ढळल्याचं दाखवलं. स्वाती वर्षाला २.२८ विकला सरकते (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). ऐकायला काहीच वाटत नाही, पण ज्ञानेश्वर महाराजांच्या काळापासून आजवर ती जवळजवळ चंद्रबिंबाच्या रुंदीइतकी सरकली आहे. अंतर माहीत असलं की याचा वेग निघतो. सूर्याच्या तुलनेत सेकंदाला सुमारे १२२ किलोमीटर, आणि हा जवळजवळ सगळा वेग एकाच दिशेचा आहे: आकाशगंगेच्या फिरण्याच्या उलट.

म्हणजे स्वाती उलटी फिरते असं नव्हे. सूर्य केंद्रापासून सुमारे २६,७०० प्रकाशवर्षांवर आहे आणि तिथली वर्तुळाकार फेरीची चाल सेकंदाला २३० किलोमीटरच्या आसपास आहे. स्वाती त्याच दिशेने फिरते, पण निम्म्याच वेगाने. इतक्या कमी वेगाने वर्तुळात टिकता येत नाही, आत पडावं लागतं. साधा हिशेब केला तर ती केंद्रापासून १० हजार प्रकाशवर्षांपर्यंत आत जाऊन परत येते. आपल्याला ती भेटली आहे तिच्या फेरीच्या बाहेरच्या टोकाला. पाटलांच्या लग्नाला आलेली पाहुणी मांडवात दिसली म्हणून ती गावची ठरत नाही, तसं.

आता रसायन. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला 'धातू' म्हणतात, मग तो ऑक्सिजन का असेना. रसायनवाले यावर हसतात, आम्हाला सवय झाली आहे. स्वातीत लोहाचं प्रमाण सूर्याच्या जेमतेम एक तृतीयांश आहे. पण मॅग्नेशियम त्या मानाने घटलेलं नाही. लोहाशी तुलना केली तर मॅग्नेशियम सूर्यापेक्षा जवळजवळ दुप्पट भरतं. हा आकडा हाती आला की आमच्या धंद्यातला माणूस लगेच म्हणतो, जुनी दिसते. आणि ती आहेच, वय सुमारे ७ अब्ज वर्षं.

मॅग्नेशियम आणि लोहाच्या गुणोत्तराला एवढं महत्त्व का, यावर थोडं थांबते, कारण सगळं पुढचं यावर उभं आहे. सूर्याच्या आठपटीहून जड तारे तीन-चार कोटी वर्षांच्या आत स्फोट होऊन संपतात आणि ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन वायूत ओततात, लोह तुलनेने कमी. दुसऱ्या प्रकारचा स्फोट श्वेत बटूंचा, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या दाट गाभ्यांचा. त्यासाठी आधी मध्यम वजनाचा तारा म्हातारा व्हावा लागतो, मग त्याच्या जोडीदाराची साथ लागते. हे स्फोट दहाएक कोटी वर्षांनी सुरू होतात आणि पुढे अब्जावधी वर्षं होत राहतात. अशा एकेका स्फोटातून सूर्याच्या निम्म्याहून अधिक वजनाचं लोह बाहेर पडतं. मॅग्नेशियम लवकर आलं, लोह मागाहून आलं. जो तारा लोहाची आवक वाढण्याआधी जन्मला त्याच्यात मॅग्नेशियम वरचढ.

पण हे घड्याळ निव्वळ काळ दाखवत नाही, घाईही दाखवतं. आकाशगंगेच्या आतल्या भागात सुरुवातीला तारे भराभर जन्मले. श्वेत बटूंचं लोह येईपर्यंत तिथे जड ताऱ्यांनीच वायू बराच समृद्ध करून ठेवला होता. बाहेरच्या भागात सगळं निवांत चाललं. त्यामुळे एकाच वयाचे दोन तारे दोन जागी वेगळे निघू शकतात. इथेच रसायनावरून जागा शोधण्याची वाट फुटते.

दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना, तसं केंद्रापासून बाहेर जाताना वायूचं रसायन बदलतं. दर हजार पारसेकला, म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षांना, धातूंचं प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास घटतं. ताऱ्याच्या पृष्ठभागावर तो ज्या वायूतून जन्मला त्याचंच रसायन राहतं. नागपूरचा माणूस चाळीस वर्षं मुंबईत राहिला तरी बोलता बोलता 'करून राहिलो' म्हणतोच, आणि समोरच्याला गाव कळतं. तारा हेल लपवत नाही. चालीचं मात्र तसं नाही, ती वाटेत भेटेल त्याच्या धक्क्याने बदलत जाते.

चाल आणि रसायन यांचं नातं आहे हे पहिल्यांदा स्वच्छ दाखवलं ते नॅन्सी रोमन यांनी, १९५० साली. सूर्यासारख्या ताऱ्यांचे त्यांनी दोन गट केले, ज्यांच्या वर्णपटात धातूंच्या रेषा ठळक आहेत ते आणि ज्यांच्यात फिकट आहेत ते. फिकट रेषांच्या ताऱ्यांच्या चाली जास्त विखुरलेल्या निघाल्या. तेव्हा संगणक नाही, की उपग्रह नाही. ही बाई पुढे नासात गेली आणि हबल दुर्बिणीच्या मागे उभी राहिली म्हणून तिला लोक ओळखतात. माझ्या मते तिचं हे आधीचं कामच जास्त मोठं आहे.

आता तबकडीची भानगड. १९८३ साली गेरी गिलमोर आणि नील रीड यांनी आकाशगंगेच्या प्रतलाला, म्हणजे तिच्या चपट्या सपाटीला, काटकोनात, सरळ 'खाली' बघून तारे मोजले. प्रतलापासून दूर जाताना ताऱ्यांची दाटी आधी झपाट्याने कमी होते, पण काही हजार प्रकाशवर्षांवर ही घसरण मंदावते. एका तबकडीने हे जुळेना. म्हणून दोन मानल्या: एक पातळ, जिच्यात बहुतेक तारे आणि सूर्यही, आणि एक जाड, विरळ. पातळ तबकडीतले तारे प्रतलाच्या वर-खाली सेकंदाला वीसेक किलोमीटरच्या विखुरणीने झुलतात, जाडीतले साधारण दुपटीने. जाडीतले तारे फेरीतही मागे पडतात.

मग प्रश्न आला, यांचं रसायन वेगळं आहे का? इथे आपल्याकडच्या माणसाचं मोलाचं काम आहे. बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतले ईश्वर रेड्डी यांनी डेव्हिड लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांबरोबर २००३ साली पातळ तबकडीकडे झुकणाऱ्या १८१ ताऱ्यांमधली २७ मूलद्रव्यं मोजली, आणि २००६ साली चालीवरून जाड तबकडीचे वाटणारे १७६ तारे घेतले. लोहाचं प्रमाण सारखं असलेले दोन तारे घ्या, एक या गटातला, एक त्या. जाडीतल्याचं मॅग्नेशियम वर. चालीने निवडले आणि रसायनाने वेगळे निघाले. पुढे न्यू मेक्सिको आणि चिलीतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणींवरून अवरक्त प्रकाशात साडेसहा लाखांहून अधिक तारे मोजणाऱ्या अपोजी सर्वेक्षणाने हेच चित्र तबकडीभर पसरून दाखवलं. लोह आडवं, मॅग्नेशियम-लोह गुणोत्तर उभं मांडलं की दोन पट्टे दिसतात, मध्ये विरळ जागा.

मला विचाराल तर 'जाड तबकडीचा तारा' ही चिठ्ठी जपून चिकटवावी. तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव दिलं आहे: उंचीवर असणं, चाल विस्कटलेली असणं, आणि मॅग्नेशियम वर असणं. सूर्याच्या आसपास तिन्ही बऱ्यापैकी एकत्र येतात. तबकडीच्या बाहेरच्या भागात मॅग्नेशियमवाले तारे जवळजवळ सापडतच नाहीत, तरी तिथेही प्रतलापासून उंचावर तारे आहेतच, कारण तबकडीची कड फुलत जाते. जो बोवी, हान्स-वॉल्टर रिक्स आणि डेव्हिड हॉग यांनी २०१२ मध्ये आकाशगंगेला वेगळी जाड तबकडी नाहीच, जाडी रसायनाबरोबर सलग वाढत जाते, असं सुचवलं तेव्हा बरीच वादावादी झाली. रसायनातली फट खरी आहे असं मी मानते, पण जाडीतली फट तितकी खरी वाटत नाही.

आणि स्वाती बघा. रसायन जाड तबकडीचं, फेरीत शंभराहून जास्त किलोमीटरने मागे. पण वर-खाली? सूर्याच्या तुलनेत तिची उभी चाल सेकंदाला जेमतेम ३ किलोमीटर आहे. नुसती ती चाल बघून कुणी तिला पातळ तबकडीची म्हटलं असतं तर दोष देता आला नसता.

आता मूळ मुद्दा, चाल का विसरते. तबकडी गुळगुळीत नाही. वायूचे अवाढव्य ढग आहेत, सर्पिल भुजा आहेत, मध्यभागी दांडा आहे. ढगांजवळून जाताना ताऱ्याला लहान लहान हिसके बसतात आणि त्याची फेरी वर्तुळापासून ढळते. असा तारा आत-बाहेर डोलतो, पण ज्या सरासरी अंतराभोवती डोलतो ते अंतर तेच राहतं. हे आपल्याला ओळखता येतं. खरी पंचाईत दुसऱ्या प्रकाराने होते. २००२ साली जेरी सेलवुड आणि जेम्स बिनी यांनी दाखवलं की सर्पिल भुजा ज्या वेगाने फिरते त्याच वेगाने फिरणारा तारा तिच्याबरोबर राहतो, भुजा त्याला पुढे किंवा मागे ओढत राहते आणि त्याची फेरीच हजारो प्रकाशवर्षं आत किंवा बाहेर सरकते. भुजा विरली की तारा नव्या जागी, आणि फेरी पुन्हा गोलच. अंगावर ओरखडा नाही. अशा ताऱ्याची चाल कितीही अचूक मोजा, तो स्थलांतरित आहे हे तिच्यावरून कधीच कळणार नाही.

सूर्य नेमका असाच आहे. फेरी जवळजवळ गोल, वर-खाली सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर, पाहणाऱ्याला वाटावं इथलाच. पण १९९६ साली रोलँड वीलन, बुर्खार्ड फुक्स आणि क्रिस्टियन डेटबार्न यांनी लक्ष वेधलं की सूर्य त्याच्या वयाच्या आसपासच्या ताऱ्यांपेक्षा सरासरीने दीडपट धातुसमृद्ध आहे. केंद्रापासून बाहेर जाताना धातू घटत जातात त्या उतारावरून एवढे धातू तेव्हा कुठल्या अंतरावर असतील हे काढलं तर जागा आली आजच्यापेक्षा सुमारे ६ हजार प्रकाशवर्षं आत. नंतरच्या अंदाजांत आकडे कमी-जास्त झाले, कारण साडेचार अब्ज वर्षांपूर्वी तो उतार किती होता यावर सगळं अवलंबून आहे, पण सूर्य आतून आला यावर बहुतेकांचं एकमत आहे. हे फक्त सूर्याचं नाही. रोहिणीच्या शेजारचा कृत्तिकेपेक्षा सैल दिसणारा 'व्ही' आकाराचा समूह, हायडीज, जेमतेम ६५ कोटी वर्षांचा आहे आणि सूर्यापेक्षा धातुसमृद्ध आहे. आपल्या आसपास त्याहून तरुण, तरी धातूंनी गरीब तारेही भरपूर. वय आणि धातू यांची सरळ रेषा इथे जुळतच नाही, कारण इथली वस्ती सगळी ठिकठिकाणाहून आलेली.

"मग सूर्याची भावंडं शोधा ना," असं पुढचं वाक्य असतंच. शोधली आहेत. कर्क राशीतला एम ६७ हा समूह घ्या. वय सुमारे ४ अब्ज, रसायन सूर्यासारखं, अंतर तीनेक हजार प्रकाशवर्षांच्या आत. वाटतं, सापडलं घर! पण २०१२ साली बार्बरा पिचार्दो आणि सहकाऱ्यांनी फेऱ्यांचं गणित मांडलं. त्या समूहातून सूर्याला त्याच्या आजच्या फेरीत यायचं तर इतका जोराचा धक्का लागला असता की ग्रहमाला शाबूत राहिली नसती. नंतर काहींनी दार किंचित किलकिलं ठेवलं आहे, पण मला ते पटत नाही. इथे चालीने रसायनाला खोटं पाडलं.

याच्या उलट प्रकार खुद्द स्वातीच्या बाबतीत. ऑलिन एगन यांनी १९७१ मध्ये स्वातीसारखेच मागे पडणारे तारे गोळा करून त्यांचा एक प्रवाह मांडला. पुढे कल्पना आली की हा आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या छोट्या दीर्घिकेचा अवशेष असावा. कल्पना देखणी होती. मेरी विल्यम्स, केन फ्रीमन आणि अमिना हेल्मी यांनी २००९ मध्ये त्या ताऱ्यांचं रसायन तपासलं, तर ते एका मुशीतले निघालेच नाहीत. आजूबाजूच्या जाड तबकडीत जसे भलतेसलते, तसेच. गंमत म्हणजे फ्रीमन आणि हेल्मी दोघेही २००४ च्या मूळ कल्पनेचे सहलेखक होते. मग हे तारे एकत्र का? गुरुत्वाच्या तालावर एका लयीत आलेली ही गर्दी असू शकते, नात्यातली नव्हे. मुंबई लोकलमधली माणसं एकाच वेगाने जातात म्हणून भाऊबंद नसतात.

चालीची स्मृती आखूड असते, पण आहे तेवढी भारी असते. २०१८ मध्ये तेरेसा अंतोखा आणि सहकाऱ्यांनी गाया उपग्रहाच्या नोंदींतून सूर्याजवळच्या ६० लाख ताऱ्यांची उंची आणि उभी चाल एकमेकांसमोर मांडली, तर गोगलगायीच्या शंखासारखा वळसा उमटला. ३० ते ९० कोटी वर्षांपूर्वी तबकडीला काहीतरी जोरात धडकून गेलं, त्याची ही अजून न विरलेली थरथर. रसायनात याचा मागमूस नाही.

आता थोडं प्रत्यक्ष कामाचं. आपल्याकडे हे मोजायचं ठिकाण म्हणजे लडाखमधलं हान्ले. ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटरची दुर्बीण, आणि निरीक्षक मात्र बंगळुरूजवळ होसकोट्याला पडद्यासमोर बसलेला, उपग्रहाच्या दुव्यावरून ती चालवत. वर्णपट आला की त्यातल्या एकेका काळ्या रेषेचं क्षेत्रफळ मोजायचं. तटस्थ लोहाच्या शंभरेक, आयनित (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) लोहाच्या दहा-पंधरा. या दोघांचं उत्तर एकच येईतो ताऱ्याचं तापमान आणि गुरुत्व बदलत राहायचं, त्यामागचं समीकरण मेघनाद साहांचं, १९२० चं. मॅग्नेशियमसाठी ५७११ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची रेषा माझी आवडती. तिच्या आजूबाजूच्या अखंड प्रकाशाची पातळी कुठे धरायची यात केसभर चूक झाली की मॅग्नेशियम सात-आठ टक्क्यांनी इकडचं तिकडे. सूर्याची भावंडं शोधताना एवढ्यानेच घात होतो.

तांबड्या राक्षसी, म्हणजे म्हातारपणी फुगलेल्या, ताऱ्यांत आणखी एक सापळा आहे. कार्बन आणि नायट्रोजन आतून ढवळून वर येतात, ते जन्माचे मानू नयेत. आणि मॅग्नेशियम भरपूर असूनही वजनाने तरुण वाटणारे (जड तारे फार जगत नाहीत म्हणून) काही राक्षसी तारे सापडतात. ते तरुण नसून दोन जुने तारे एकत्र होऊन वजनदार झालेले असावेत, हे आता बहुतेकांना मान्य आहे.

चालीच्या बाजूची माझी स्वतःची फजिती सांगते. विद्यार्थिदशेत एका तरुण दिसणाऱ्या, सूर्यासारख्या रसायनाच्या ताऱ्याची चाल भलतीच आली. दोन आठवडे मी त्याला 'विलक्षण तारा' म्हणत फिरले. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते, तेवढी दुरुस्ती वर्णपटातून काढलेल्या वेगात करावी लागते. मी ती वजा करायच्या जागी मिळवली होती. एका चिन्हाने जवळजवळ पन्नास किलोमीटरचा फरक. केंद्राकडची दिशा धन की ऋण यावर तर दोन परंपरा आजही सुखाने नांदतात, तेव्हा कुणाचीही सारणी घेताना आधी तेवढं बघा.

तुम्हाला स्वतः करून पाहायचं असेल तर गायाच्या २०२२ च्या सारणीत १८० कोटींहून अधिक तारे आहेत, कुणालाही फुकट. त्यातल्या सुमारे ३ कोटी ३० लाखांना जवळ-दूर जाण्याचा वेगही दिला आहे. आरयूडब्ल्यूई नावाचा रकाना १.४ च्या वर असेल तो तारा सोडून द्या, बहुधा जोडतारा असतो. फक्त सुरुवात स्वातीपासून करू नका. गायाच्या डोळ्यांना ती फारच प्रखर आहे, तिची भरवशाची नोंद तिथे मिळायची नाही. तिच्या अंतराचा आकडा आजही १९८९ ते १९९३ मध्ये मोजणाऱ्या हिप्पार्कोस उपग्रहाचाच घ्यावा लागतो.